रविवारचे बाबा

१

धाकटी रविवारी घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून डुलत होते. रेडिओवर कसलीशी जुनी धून लागली होती. मान हलत होती, डावा खांदा वरखाली होत होता, पाऊल फरशीवर आपलं आपण ठेका धरत होतं. धाकटीला बरं वाटलं. पार्किन्सन्सने माणसाचा चेहरा लाकडी होतो, अंगातली हालचाल आटते, असं तिने वाचलं होतं. ग्रंथपाल असल्याने वाचण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण इथे तर हा माणूस गाण्यावर झुलत होता.

"काय कंडक्टर, गाडी लेट?" बाबांनी विचारलं.

शाळेला सुट्टी असली की ती बाबा चालवायचे त्या बसमध्ये इंजिनाच्या बॉनेटवर बसून घाट चढायची. तेव्हापासूनचं हे नाव.

वहिनीने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि ती आत गेली. कप जरा जोरातच ठेवला गेला होता. मागोमाग स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज आला, "असं किती दिवस रेटायचं, तूच सांग."

धाकटीच्या कपाळावर आठी चढली. दादा समोर वर्तमानपत्र धरून बसला होता, तोही ऐकून न ऐकल्यासारखा.

"काल दिवसभर त्यांना उठवत नव्हतं," तो पानाआडून म्हणाला. "शर्टाचं बटण लावायला मला अर्धा तास लागला. परवाही तेच."

"मग आज कसे ठणठणीत आहेत?"

"तेच तर मला कळत नाही."

"तुम्ही त्यांना बसवून ठेवता, म्हणून अंग आखडतं. आणि तो खिसा बघ. चहाचे डाग. माणसाला धड शर्ट तरी घालावा."

"धडच आहे तो," आतून वहिनीचं उत्तर आलं. "डाग निघत नाहीत. सगळ्या शर्टांच्या खिशांना तसेच आहेत. धुऊन बघा एकदा तुम्ही."

बाबा खिडकीबाहेर बघत डुलत राहिले.

मग धाकटीने आपली बातमी सांगितली. घाटाच्या रस्त्यावर जुन्या पद्धतीची एकच बस उरली होती आणि तीही आता मोडीत निघणार होती. डेपोच्या मॅनेजरला तिने गळ घातली होती. गुरुवारी बाबांनी पुढच्या सीटवर बसून शेवटची फेरी करायची, ती सोबत असणार.

बाबांचा लाकडी म्हणवला जाणारा चेहरा असा काही उजळला की दादानेही वर्तमानपत्र खाली केलं.

"दिवसभराची फेरी?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे जाताना एक चढ, येताना एक."

"तुम्हाला कुठे चालवायची आहे? नुसतं बसायचं."

"बसायलाही लागतं," बाबा म्हणाले. भिंतीवर त्यांचं डिझेल बचतीचं प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं, तिकडे बघत राहिले. लांबच्या फेरीआधी ड्रायव्हर डोक्यातल्या डोक्यात रस्ता चालून येतो, तसे.

निघताना ते नेहमीसारखे तिच्याआधी उठले. हात पाठीमागे बांधून अंगण ओलांडून गेटपर्यंत आले.

"किती छान चालताय बाबा," ती म्हणाली. दर रविवारी म्हणायची तसं.

त्यांनी गेटवर बोटाने दोनदा टकटक केली. डबल बेल. गाडी सोडा.

मंगळवारी दादाचा फोन आला. बाबा फार कडक झालेत, अंगही जरा गरम लागतंय.

"दादा, परवा ते गेटपर्यंत आले होते," ती म्हणाली. "तुझं नेहमीचंच आहे."

बुधवारी पुन्हा फोन आला तेव्हा दादा रुग्णालयातून बोलत होता.

२

बाबा संध्याकाळी गेले. त्यानंतर मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बाजूला घेतलं. डॉक्टर चिडले होते. सांत्वन करताना माणूस असा चिडत नाही, हे धाकटीच्या ध्यानात आलं.

"यांच्या गोळ्या कुणी बंद केल्या?" त्यांनी विचारलं.

"कुणीही नाही," दादा म्हणाला.

"या आजारात मेंदूतलं डोपामीन कमी पडतं. लेव्होडोपाची गोळी ते भरून काढते. ती गोळी म्हणजे यांच्या गाडीतलं इंधन होतं म्हणा. एकाएकी बंद केली तर अंग लाकूड होतं, ताप भडकतो, आणि पुढे काय होतं ते आपण आज पाहिलं. मी प्रत्येक वेळी बजावून सांगत होतो, एक दिवसही चुकवायची नाही."

"एकही चुकलेली नाही," वहिनी म्हणाली. "दर वेळची गोळी मी स्वतःच्या हाताने दिली आहे."

"शरीर तसं सांगत नव्हतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

त्याच रात्री अंत्यसंस्कार उरकून घरी आल्यावर धाकटीने पहिल्यांदा बाबांची गोळ्यांची डबी उघडली. आठवड्याच्या वारांचे कप्पे, प्रत्येक वाराला दिवसातल्या वेळांचे छोटे खण. बुधवार सकाळपर्यंतचे सगळे खण रिकामे. पुढचे भरलेले. म्हणजे गोळ्या डबीतून निघाल्या होत्या आणि बाबांच्या अंगात पोचल्या नव्हत्या.

भेटायला आलेली माणसं पांगली तशी तिने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं.

"कंटाळला होतात तुम्ही. मी ऐकलंय रविवारी, असं किती दिवस रेटायचं. दादाने एका वृद्धाश्रमात चौकशी केली होती, तेही मला माहीत आहे."

वहिनीच्या हातात ओला कप होता. तो तिने सावकाश पुसला.

"कंटाळले होते," ती म्हणाली. "तुम्ही आठवड्यातून एकदा येता, कंटाळायला वेळ कुठे मिळतो तुम्हाला?"

"मी काय विचारतेय?"

"मी मारलं का, असंच ना? नीट विचारा मग."

दारात दादा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "उद्या सकाळी तू तुझ्या घरी जा," तो धाकटीला म्हणाला. "आणि हे शब्द परत घेणार नसशील तर पुन्हा येऊ नकोस."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि आतून एक उशी, एक पिशवी आणि त्यांच्यामागून आत्या उतरली.

३

आत्या बाबांची धाकटी बहीण. उभी हयात विमा कंपनीत गेली. लोक जळालेल्या गोदामांचे आणि बुडालेल्या होड्यांचे दावे लावायचे, आणि ते खरे की खोटे हे शोधायला कंपनी हिला पाठवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. तिला 'बस' म्हटलं तर ती आधी खुर्ची तपासायची. पाठीच्या दुखण्यामुळे स्वतःची उशी बरोबर घेऊन हिंडायची. एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारून समोरच्याचा जीव नकोसा करायची.

तिने तिघांची तोंडं बघितली, थेट काही न विचारता काय झालं ते वदवून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आज कुणीही कुठे जायचं नाही. माझा भाऊ कशाने गेला ते मला कळू दे. मग सावकाश भांडा, मी मध्ये पडणार नाही."

"आत्या, हे काय गोदाम आहे का?" धाकटी म्हणाली.

"नाही. गोदामवाले निदान चहा विचारायचे."

चहा आला. आत्याने वहिनीला समोर बसवलं.

"गोळी कशी द्यायचीस?"

"डबीतून काढून बशीत ठेवायचे. सोबत पाणी."

"मग?"

"मग काय? ते घ्यायचे."

"तू बघायचीस घेताना?"

"आत्या, वेळेवर दिली हे महत्त्वाचं ना?"

"वेळेवर दिलीस, मान्य. घेताना बघायचीस?"

"हातात घेताना बघायचे. त्यांना गिळायला वेळ लागायचा. म्हणायचे, तू जा, घेतो मी. बशी न्यायला यायचे तेव्हा रिकामी असायची."

"तोंड उघडून दाखवा, असं कधी म्हणालीस?"

वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की काही विचारायची सोय राहिली नाही. "सासऱ्यांना?" ती म्हणाली.

"आणि तू रे?" आत्या दादाकडे वळली.

"मी बाबांना?" दादा म्हणाला. "ज्यांनी मला गाडी शिकवताना गिअर चुकला म्हणून भर बाजारात खाली उतरवलं, त्यांना म्हणू, आ करा?"

"म्हणजे कुणीच बघितलं नाही."

"म्हणजे वहिनीने दिली नसली तरी कळणार नाही," धाकटी म्हणाली.

आत्याने चष्मा काढला. "तू पुस्तकं फार वाचतेस," ती म्हणाली. "पुस्तकात शेवटी कुणीतरी पकडला जातोच, म्हणून तुला कुणीतरी हवाय. आता मला सांग, वहिनीला गोळ्या द्यायच्या नसत्या, तर रोज डबीतून काढून कुठेतरी टाकायचा उपद्व्याप तिने का केला असता? डबीत भलत्या गोळ्या भरल्या असत्या तर सोपं नव्हतं?"

 'भलत्या गोळ्या' हे शब्द धाकटीच्या डोक्यात अडकून बसले. ती उठली आणि औषधांचा खण उपसू लागली. अगदी तळाशी, जुन्या मलमांच्या खाली, तिला एक पाकीट सापडलं. त्यावरचं नाव वाचून तिचा हात थांबला.

४

"ही उलटीवरची गोळी," ती म्हणाली. "साधी दिसते, पण पार्किन्सन्सच्या माणसाला विषासारखी. मेंदूत डोपामीनची वाटच अडवते. लेव्होडोपा कितीही घ्या, गाडी पुढे जात नाही. मी वाचलंय. पाकीट अर्धं संपलंय."

"माझी आहे ती," वहिनी म्हणाली. "घाटात मला गाडी लागते."

"बाबांना मळमळायचं. तुम्हीच मागे सांगितलं होतं."

"मळमळायचं. त्यांची वेगळी होती."

"कोण सांगणार वेगळी होती ते?"

आत्या उशी काखेत मारून उठली. "केमिस्ट सांगेल," ती म्हणाली. "सकाळी दुकान उघडलं की चला."

केमिस्टचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिथे गेले. काउंटरमागचा माणूस एकाच वेळी तिघा गिऱ्हाइकांशी बोलत होता आणि तिघांवरही वैतागला होता. बाबांचं कळल्यावर मात्र त्याने बाकीच्यांना थांबायला लावलं.

पाकीट बघून तो म्हणाला, "ही तुमच्या वहिनींची. बाबांसाठी मागायला आल्या तेव्हा मीच दिली नव्हती. म्हटलं, ही त्यांना चालत नाही, दुसरी घेऊन जा. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिल्या. त्यांनी तीनदा विचारून माझं डोकं खाल्लं, बाबांची कुठली, माझी कुठली. शेवटी बाबांच्या पिशवीवर पेनाने बस काढून दिली."

धाकटीने खाली पाहिलं. वहिनी काहीच बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, म्हणजे धाकटीला जरा सोपं गेलं असतं.

"आणि लेव्होडोपा?" आत्याने विचारलं. "माल बरा होता?"

"त्याच खोक्यातून पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्यांनाही देतो. त्यांना तोच आजार. काल स्वतः येऊन माझ्याशी हुज्जत घालून गेले. औषध चालत नसतं तर इथवर आले असते का? उलट बाबांना तर मी वाढवूनच देत होतो. डॉक्टर दर खेपेला डोस वाढवत होते ना."

"वाढवत होते?" धाकटी दादाकडे वळली. "मी सांगितलं होतं, वाढवू नका. ते चांगले होते."

"तुझ्यासमोर चांगले होते," दादा म्हणाला. "डॉक्टरांकडे मी न्यायचो, बुधवारी. तिथे त्यांना खुर्चीतून उठता यायचं नाही. डॉक्टर दुसरं काय करणार?"

"म्हणजे एकाच आठवड्यात एकच माणूस, एकच औषध, आणि दोन वेगवेगळे बाबा," आत्या पुटपुटली. "हे दाव्यात बसत नाही."

 परत येताना घराच्या गेटशी आत्या एकदम थांबली. "रविवारी काय करत होता तो, तू आलीस तेव्हा? नीट सांग."

"बसले होते. गाणं ऐकत होते."

"नुसते बसले होते?"

"सांगितलं ना, आत्या. गाण्यावर डुलत होते."

"प्रत्येक रविवारी गाणं असायचं?"

धाकटी चिडून उत्तर द्यायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या आधीच्या रविवारी रेडिओ बंद होता. बिघडला होता. बाबा तेव्हाही डुलत होते.

५

डॉक्टर फोनवर नाखुशीनेच आले. आत्याने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"डुलणं?" डॉक्टर म्हणाले. "मान, खांदा, पाऊल, आपोआप? माझ्यासमोर असं कधीच झालं नाही. नक्की यांच्याबद्दलच बोलताय?"

"नक्की. आजार वाढल्यावर असं होतं का?"

"आजाराने नाही हो, औषधाने. लेव्होडोपा रक्तात जास्त झाली की अंग असं झुलायला लागतं. पण यांना जास्त कुठून होणार? हे तर कायम कमी पडलेले दिसायचे."

"उपकार झाले," आत्या म्हणाली आणि फोन बंद केला.

 वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दादा खुर्चीच्या हातावर बसला होता, बाबांच्या खुर्चीच्या नव्हे, दुसऱ्या.

"मी नोकरीत असताना एक दावा आला होता," आत्या म्हणाली. "कापडाचं गोदाम जळालं म्हणून. भिंती काळ्या, छप्पर खाली आलेलं, मालक रडतोय, सगळं व्यवस्थित. फक्त राख कमी. एवढं कापड जळालं तर राख हवी ना? राख नाही, याचा अर्थ माल जळालाच नव्हता. आधीच दुसरीकडे हलवला होता."

"याचा इथे काय संबंध?" दादाने विचारलं.

"गोळ्या डबीतून गेल्या. अंगात गेल्या नाहीत. वहिनीने टाकल्या नाहीत, केमिस्टने फसवलं नाही. मग माल आहे कुठे? आणि शेवटचा कुणाच्या हातात होता?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. बशी. हातात घेतलेली गोळी. तू जा, घेतो मी.

"बाबा स्वतः?" धाकटी म्हणाली. "कशाला? कुणाला मरायचं असतं तर असा—"

"मरायचं कोण म्हणतंय? गुरुवारच्या फेरीचं ऐकून तो कसा दिसला, ते तूच सांगितलंस. मरायला निघालेला माणूस असे प्रश्न विचारतो? चढ किती, दिवसभराची आहे का?" आत्या उठली आणि प्रशस्तिपत्रापाशी जाऊन उभी राहिली. "हे त्याला कसं मिळालं, माहीत आहे?"

"डिझेल वाचवलं म्हणून."

"कसं वाचवलं?"

कुणाला माहीत नव्हतं.

"मी एकदा त्याच्या गाडीत होते. घाट उतरायला लागलो आणि एकदम शांतता. म्हटलं, अरे, इंजिन बंद पडलं. तर म्हणतो, बंद पडलं नाही, मी बंद केलंय. उताराला कशाला इंजिन हवं? गाडी आपोआप जाते. उतारावर वाचवायचं आणि चढाला वापरायचं." आत्याने प्रशस्तिपत्राची चौकट बोटाने सरळ केली.  "प्रशस्तिपत्र मिळालं. आणि पुढच्याच महिन्यात डेपोने बोलावून झाडलं. कारण इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा भरत नाही. दोनचार वळणांनी ब्रेक लागेनासा होतो. एकदा थोडक्यात वाचला होता. त्याने कान पकडले, पुन्हा कधी केलं नाही."

"गाडीच्या बाबतीत," दादा हळूच म्हणाला.

"हं. गाडीच्या बाबतीत."

धाकटीला आता सगळं दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. सोमवार ते शनिवार उतार. घरातली माणसं, त्यांच्यासमोर कसंही चालतं. इंजिन बंद. एकेक गोळी वाचवायची. रविवार म्हणजे चढ. वाचवलेलं सगळं एकदम पेटवायचं, म्हणजे मान उचलता येते, बटणं लागतात, अंगण ओलांडून गेटपर्यंत जाता येतं. अंग थोडं जास्तच झुलतं, पण रेडिओ लावला की कुणाला कळत नाही. बुधवारी डॉक्टर बघतात तो कोरड्या टाकीचा माणूस. ते डोस वाढवतात. वाचवायला आणखी मिळतं.

आणि गेल्या रविवारी तिने येऊन सांगितलं, गुरुवारी दिवसभराची फेरी आहे.

"साठा तर रविवारीच संपला होता," आत्या म्हणाली. "मोठ्या फेरीसाठी पुन्हा भरायचा होता. म्हणून एरवी अधलीमधली गोळी वाचवायचा, ती या वेळी सगळीच वाचवली."

"हे सगळं तू बसल्याबसल्या रचते आहेस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माल कुठे आहे? दाखव मला राख."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. वैतागाशिवाय तिने पाहिलं असं आज पहिल्यांदाच झालं.

"फ्यूज, पट्टा, जादाचा बल्ब," ती म्हणाली. "ड्रायव्हर स्पेअर कुठे ठेवतो? कंडक्टर तू होतीस. सांग."

६

सीटखाली.

धाकटीने बाबांच्या खुर्चीवरची गादी उचलली. खाली वेताची बैठक होती आणि एका कोपऱ्यात वेत थोडा फाकवलेला. तिने आत हात घातला. बोटांना पत्रा लागला. फ्यूज ठेवायची चपटी डबी, बाबांच्या बसमधली. झाकण सैल होतं, थरथरणाऱ्या बोटांना उघडता यावं इतकं.

आत गोळ्या होत्या. काही स्वच्छ, काही कडेला काळपटलेल्या. लाळेचा नाहीतर घामाचा ओलावा लागून. तशाच ओल्या गोळ्या डबीत जाण्याआधी शर्टाच्या खिशात दडलेल्या असणार. चहाचे डाग चहाचे नव्हते.

वहिनी पुढे आली आणि खाली फरशीवरच बसली.

"रात्री शर्ट बदलू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "खिसा दाबून धरायचे. मी ओरडायचे. म्हटलं, हट्टी झालेत." ती पुढे म्हणाली, "बुधवारी सकाळी जबडा हलत नव्हता. मी गोळी दिली तर ती मुठीत धरली आणि तोंड मिटून घेतलं. मला वाटलं गिळवत नाही म्हणून. कसंबसं एवढंच म्हणाले, उद्या गाडी आहे. मी म्हटलं, हो बाबा, उद्या गाडी आहे, आज तर घ्या. ते हसल्यासारखे झाले. खरंच हसले की नाही, ते मला अजून कळत नाही."

दादा उठून खिडकीशी गेला. सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"म्हणजे आम्हाला सोमवार ते शनिवार," तो म्हणाला. "आणि तुला रविवार."

 सहा दिवस आंघोळ घालणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, अंथरुणातून उठवणाऱ्या माणसांना धाकटीने दर रविवारी येऊन शिकवलं होतं की बाबा ठणठणीत आहेत. आणि बाबांनी प्रत्येक वेळी चालून दाखवून तिला खरं ठरवलं होतं. दादाला चोर ठरवून.

"माझ्यावर का नाही भरवसा ठेवला?" दादा काचेला म्हणाला. "माझ्यासमोर बसून राहायचे, मला काही वाटायचं नाही. तिच्यासमोर बसले असते तर काय झालं असतं?"

"अरे, तुझ्यासमोर बसून राहायचा, तोच भरवसा," आत्या म्हणाली. "पाहुण्यासमोर माणूस चांगला शर्ट घालतो. घरच्यांसमोर नाही घालत." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती धाकटीकडे बघायचं टाळून पिशवीत काहीतरी शोधू लागली.

पाहुणी. आत्याला तसं म्हणायचं नसेलही. पण बरोबर म्हणाली होती.

धाकटी वहिनीशेजारी फरशीवर बसली. मांडीवर ती पत्र्याची डबी होती.

"वहिनी," ती म्हणाली, "काल मी जे बोलले—"

"आत्ता नको," वहिनी म्हणाली. "आत्ता तुम्ही माफी मागाल, मग मला रडावं लागेल, मग सगळ्यांना चहा करावा लागेल. दमले मी. उद्या मागा."

"उद्या यायचं मी?"

वहिनीने दादाच्या पाठीकडे पाहिलं.  दादाने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "रविवारी कशाला, मधल्या वारी ये. बघ घर कसं असतं ते."

आत्याची रिक्षा दारात आली. ती उशी घेऊन निघाली. सगळे तिला सोडायला अंगणात गेले. धाकटीही पिशवी उचलून निघाली, गेटपर्यंत आली. हात गेटवर ठेवला आणि सवयीने मागे वळून पाहिलं.

इथून दारातून सरळ खिडकी दिसायची आणि खिडकीजवळची खुर्ची. गादी अजून उचललेलीच होती. दर रविवारी ती इथे वळायची तेव्हा खुर्ची रिकामीच असायची, कारण बाबा तिच्या शेजारी उभे असायचे. खुर्चीत बसलेल्या बाबांना तिने कधी निरोप दिलाच नव्हता.

ती परत आत गेली. गादी खाली ठेवली, हाताने नीट बसवली. मागे दारात दादा आणि वहिनी येऊन उभे राहिले होते. तिने त्यांची पर्वा केली नाही.

"बसा बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "उठू नका. सोडायला येऊ नका. तुम्ही नुसते बसून राहिलात तरी मी येणार आहे."